पाळीव टॅरँटुलाचे अवघड निर्मोचन आणि त्यानंतरची निगा : एक विवेचन

बीजशब्द : टॅरँटुला, निर्मोचन, बाह्यकंकाल, रुधिरलसिका, अवयवांचे पुनर्जनन

प्रस्तावना

कोळी या प्राण्याशी सर्वसामान्य मराठी घराचा संबंध जळमटे झाडण्यापलीकडे सहसा जात नाही. मात्र अमेरिका, ब्रिटन, जर्मनी आदी देशांत थेराफोसिडी कुळातील मोठे, केसाळ कोळी गेली अनेक दशके पाळीव प्राणी म्हणून सांभाळले जात आहेत. त्यांनाच टॅरँटुला म्हणतात. हे नाव इटलीतील तारांतो या शहरावरून आले असून मुळात ते तेथील एका वेगळ्याच गटातील कोळ्याचे होते. युरोपीय लोक अमेरिका खंडात पोहोचल्यानंतर तेथील मोठ्या कोळ्यांना ते चिकटले. आज या कुळात एक हजाराहून अधिक जातींची नोंद आहे.

पाळीव जातींपैकी सर्वांत परिचित जात म्हणजे मेक्सिकोच्या पॅसिफिक किनारपट्टीवरील लाल गुडघ्यांचा कोळी, ब्रॅकिपेल्मा हॅमोरी. अनेक वर्षे हा कोळी ब्रॅकिपेल्मा स्मिथी या नावाने विकला जात होता. २०१७ मध्ये झालेल्या वर्गीकरणाच्या फेरतपासणीनंतर या दोन जातींमधील सीमारेषा स्पष्ट झाली. या जातीची मादी वीस वर्षांहून अधिक काळ जगू शकते. नर मात्र प्रौढ झाल्यानंतर साधारणपणे वर्ष-दीड वर्षच टिकतो. म्हणजेच मादी पाळणाऱ्या व्यक्तीने एखाद्या कुत्र्या-मांजराच्या आयुष्यापेक्षाही दीर्घ काळाची जबाबदारी पत्करलेली असते. या दीर्घ आयुष्यात पाळीव टॅरँटुलाला शत्रूचे भय जवळजवळ नसते, उपासमारही सहसा नसते. खरा धोका असतो तो कात टाकण्याचा. ही क्रिया बिघडली तर पुढे काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

हा विषय भारतीय वाचकाला सर्वस्वी परका नाही. पश्चिम घाटात आढळणारा पोइसिलोथेरिया रेगॅलिस आणि आंध्र प्रदेशातील निळ्या रंगाचा, अतिसंकटग्रस्त पोइसिलोथेरिया मेटॅलिका हे दोन्ही कोळी परदेशी संग्राहकांच्या आवडीचे आहेत. २०१९ मध्ये पोइसिलोथेरिया ही संपूर्ण प्रजाती साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट झाली. ब्रॅकिपेल्मा ही प्रजाती त्यात पूर्वीपासूनच आहे. भारताच्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने साइट्स परिशिष्टांतील प्राण्यांच्या जिवंत नमुन्यांची नोंदणी कायद्याच्या कक्षेत आणली आहे. त्यामुळे येथील जंगलातून असा कोळी उचलून आणणे वा कागदपत्रांविना विकत घेणे हा छंदाचा भाग ठरू शकत नाही. पुढील विवेचन कायदेशीररीत्या बाळगलेल्या, मुख्यतः अमेरिका खंडातील जातींना अनुलक्षून आहे.

निर्मोचनाची यंत्रणा

कोळ्याचा सांगाडा शरीराच्या बाहेर असतो. कायटिन व प्रथिने यांनी बनलेले हे बाह्यकंकाल ताणले जात नाही, म्हणून वाढ व्हायची तर ते टाकून देणे भाग असते. पिल्ले वर्षातून अनेकदा कात टाकतात. प्रौढ मादी वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा. अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठाचे विल्यम बेअर्ग यांनी टॅरँटुला दीर्घकाळ पाळून त्यांच्या आयुर्मानाच्या व निर्मोचनाच्या नोंदी ठेवल्या. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘द टॅरँटुला’ हे पुस्तक या विषयावरील आरंभीच्या महत्त्वाच्या ग्रंथांपैकी एक होय.

निर्मोचनाच्या आधी काही आठवडे कोळी अन्न नाकारू लागतो. जुन्या कातीखाली नवे बाह्यकंकाल तयार होत असते आणि त्यावर नवे केस उगवत असतात. त्यामुळे उदरावरील केस झडून उघडा पडलेला भाग काळपट दिसतो. नंतर कोळी रेशमाची गादी विणतो आणि तिच्यावर पाय वर करून उताणा पडतो. ही अवस्था पाहून नवखा पाळणारा प्राणी मेला असे समजतो, आणि येथेच पहिली मोठी चूक घडते. मरणासन्न टॅरँटुला सहसा उताणा पडत नाही. तो पालथाच राहतो आणि त्याचे पाय पोटाखाली मुठीसारखे आकसतात. उताण्या कोळ्याला ‘सरळ’ करणे म्हणजे ऐन प्रसूतीत अडथळा आणण्यासारखे आहे. काही कोळी तर मेले म्हणून जिवंतपणीच टाकून दिले गेले आहेत.

आकसलेल्या पायांचे कारण समजून घेतले तर पुढील सर्व निगा आपोआप समजते. कोळ्याला पाय दुमडण्यासाठी स्नायू असतात, परंतु पायांच्या दोन प्रमुख सांध्यांमध्ये ते ताठ करण्यासाठी स्नायूच नसतात. पाय पसरतो तो रुधिरलसिकेच्या, म्हणजे कोळ्याच्या रक्तसदृश द्रवाच्या दाबामुळे. पॅरी आणि ब्राऊन या संशोधकांनी १९५९ मध्ये घरांत आढळणाऱ्या एका युरोपीय कोळ्यावर प्रयोग करून हा दाब मोजला. विश्रांतीच्या स्थितीत तो पाऱ्याच्या सुमारे ५० मिलिमीटर इतका, तर क्षणिक हालचालीत ४०० मिलिमीटरपर्यंत जात असल्याचे त्यांना आढळले. मनुष्याचा वरचा रक्तदाब १२० च्या आसपास असतो, हे लक्षात घेतल्यास या आकड्याचे महत्त्व पटेल. थोडक्यात, कोळी हे पाण्याच्या दाबावर चालणारे यंत्र आहे. शरीरातील द्रव घटला की दाब घटतो आणि पाय मिटतात.

निर्मोचनाची शक्तीही याच द्रवाची. जुन्या व नव्या आवरणांच्या मध्ये एक स्राव पाझरतो व जुन्या कातीचा आतला थर विरघळवतो. मग उदरातील द्रव शिरोवक्षात ढकलला जातो, शिरोवक्षावरील ढाल कडेने उसवते आणि डब्याच्या झाकणासारखी उघडते. त्यानंतर उदराची कात फाटते. शेवटी, आणि सर्वांत कष्टाने, आठ पाय, दोन पादमृश आणि विषदंत जुन्या खोळींतून ओढून काढले जातात. मोठ्या कोळ्याला या सर्वांस कित्येक तास लागू शकतात. बाहेरची कातच तेवढी बदलते असेही नाही. अन्ननलिकेच्या अग्रभागाचे, शोषक जठराचे आणि पुस्तक-फुप्फुसांचे अस्तरही कातीबरोबर बाहेर येते, मादीच्या शुक्रग्राहिकेचेही. कात नीट उलगडून पाहिल्यास हे सर्व भाग साध्या भिंगाखाली दिसतात. पदवीच्या वर्गात विच्छेदन न करता कोळ्याची आंतररचना दाखवण्यासाठी याहून सोयीचा नमुना मिळणे कठीण आहे.

बिघाडाची रूपे

अवघड निर्मोचन हे एकच दुखणे नव्हे. कधी एक-दोन पाय जुन्या कातीत अडकून राहतात. कधी पाय सुटतात, पण नवे आवरण मऊ असतानाच वाकडे होऊन तसेच कडक होतात. कधी ओढाताणीत सांध्याजवळ नवी त्वचा फाटते आणि रुधिरलसिका पाझरू लागते. तांबेयुक्त रंजकद्रव्यामुळे हा द्रव किंचित निळसर दिसतो. कधी एखादा विषदंत, क्वचित दोन्ही, जुन्या कातीबरोबरच निघून जातात. सर्वांत गंभीर प्रकार डोळ्यांना दिसतच नाही. शोषक जठराचे जुने अस्तर आत अडकून राहिले तर कोळी बाहेरून धडधाकट दिसतो, परंतु त्याला अन्न शोषून घेता येत नाही.

या बिघाडांची कारणे अनेक असू शकतात : शरीरातील पाण्याची कमतरता, जुनी इजा, वार्धक्य, परजीवी, किंवा निर्मोचन चालू असताना झालेला त्रास. प्रत्येक वेळी कारण सापडतेच असे नाही. पाळणाऱ्याने स्वतःला दोष देत बसण्यापेक्षा पुढील काही तासांकडे लक्ष द्यावे, हे बरे.

पहिले काही तास

निर्मोचन मध्येच थांबल्यासारखे वाटले तरी लगेच हात घालू नये. कोळी विश्रांती घेत घेत ही क्रिया पूर्ण करतो. आपल्या अधीरतेचे घड्याळ आणि त्याचे घड्याळ एक नसते. मात्र शरीराचा मोठा भाग बाहेर आलेला असून पाय तासन्‌तास अडकलेले असतील आणि हालचाल मंदावत असेल, तर मर्यादित मदत करता येते. कोमट पाण्यात ग्लिसरीनचे काही थेंब मिसळून मऊ कुंचल्याने ते फक्त जुन्या कातीवर लावावे, जेणेकरून ती मऊ होईल. हे पाणी उदराच्या खालच्या बाजूस असलेल्या पुस्तक-फुप्फुसांच्या फटींत जाता कामा नये, अन्यथा श्वसन बंद पडू शकते. चिमट्याने ओढणे कटाक्षाने टाळावे. नव्या पायाची त्वचा या वेळी ओल्या कागदाइतकी नाजूक असते. जुनी खोळ ओढताना आतला पायच फाटतो. नवे आवरण काही तासांतच कडक होऊ लागते, त्यामुळे त्यानंतर केलेली ओढाताण केवळ जखम करते.

रुधिरलसिका पाझरत असेल तर मात्र विलंब परवडत नाही, कारण द्रव गेला की दाब गेला. लहान गळतीवर कॉर्नफ्लॉवरची चिमूट किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर देऊन ती थोपवण्याचा प्रयत्न केला जातो. पशुवैद्यक ऊतींसाठीचा गोंद वापरतात. गळती पायातून असेल तर कोळी स्वतःच तो पाय बुडाशी असलेल्या ठराविक सांध्यापाशी तोडून टाकू शकतो. तेथील स्नायू आकुंचन पावून जखम बंद करतात. दिसायला हे भीषण असले तरी कोळ्याच्या दृष्टीने तो बचावाचाच मार्ग आहे. एक-दोन पाय गमावलेला टॅरँटुला व्यवस्थित चालतो, शिकारही करतो. उदर फाटले असेल तर मात्र बचावाची आशा कमी असते.

पाळणाऱ्याच्या स्वतःच्या सुरक्षिततेचाही येथे विचार हवा. ब्रॅकिपेल्मासारख्या जातींच्या उदरावरचे दाहक केस कातीवरही असतात. ते डोळ्यांत गेल्यास दीर्घकाळ दाह होतो, म्हणून कात हाताळताना चेहरा जवळ नेऊ नये. पोइसिलोथेरियाच्या अंगावर असे केस नाहीत, पण त्याच्या दंशाने तीव्र स्नायुवेदना व पेटके येतात. त्यामुळे त्या जातीला ‘मदत’ करण्याचा मोह आवरलेलाच बरा.

पाणी की दमटपणा?

या छंदातील सर्वांत जुना वाद येथे आहे. निर्मोचन बिघडले की हवा कोरडी होती असा निष्कर्ष काढण्याची आणि कोळ्याला ओल्या कागदी रुमालांच्या बंद डब्यात ठेवण्याची प्रथा दीर्घकाळ प्रचलित होती. अशा डब्याला ‘अतिदक्षता विभाग’ असेही गमतीने म्हटले जाई. प्रत्यक्षात वर सांगितलेली यंत्रणा पाहता निर्णायक ठरते ते कोळ्याच्या शरीरातील पाणी. कात सोडवणारा स्राव आतून येतो आणि तिला फाडणारा दाबही आतून येतो. कोरड्या प्रदेशातील जातीच्या पेटीत स्वच्छ पाण्याची उथळ वाटी सदैव असेल तर भिंतींवर पाणी शिंपडत राहण्याची गरज नसते. दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनांतील थेराफोसासारख्या जातींना ओलसर माती लागते हे खरे. पण तेथेही बंदिस्त, कोंदट हवेचा उपयोग नाही, उलट बुरशी वाढते.

निर्मोचनानंतर उदर सुरकुतलेले आणि पाय किंचित आत वळलेले दिसले तर ते पाणी कमी झाल्याचे लक्षण समजावे. अशा वेळी आवरण थोडे कडक झाल्यावर कोळ्याला अलगद उथळ वाटीच्या काठावर अशा प्रकारे टेकवावे की तोंड पाण्याला लागेल आणि उदर पाण्याबाहेर राहील. तहानलेला कोळी तासभरही त्याच स्थितीत राहून पाणी पितो. हा उपाय इतका साधा आहे की त्यावर विश्वास बसत नाही. मात्र अशक्त कोळी वाचवणाऱ्या घरगुती उपायांमध्ये यालाच अग्रस्थान द्यावे लागेल. पाण्याच्या वाटीत स्पंज ठेवण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. त्यात घाण साचते आणि कोळ्याला त्यातून पिणे सोपेही जात नाही.

पेटी अंधाऱ्या, शांत जागी ठेवावी. आत सोडलेला जिवंत रातकिडा तत्काळ बाहेर काढावा. निर्मोचनानंतरच्या काही दिवसांत भक्ष्य आणि भक्षक यांच्या भूमिका बदलतात आणि भुकेला रातकिडा मऊ कोळ्याला कुरतडतो. उष्णता देणारे दिवे लावू नयेत, कारण त्यांनी शरीरातील पाणीच कमी होते. कोळ्याला हातावर घेणे तर पूर्णपणे वर्ज्य. एरवीही थोड्या उंचीवरून पडून टॅरँटुलाचे उदर फुटू शकते.

दंत गमावलेल्या कोळ्याचे पोषण

निर्मोचनानंतर विषदंत पांढरे असतात, मग तांबूस होतात आणि शेवटी काळे. ते पूर्ण काळे होईपर्यंत अन्न देऊ नये. लहान कोळ्यास यासाठी काही दिवस ते आठवडा, मोठ्या मादीस दोन-तीन आठवडे लागतात. चांगले पोसलेले प्रौढ टॅरँटुला महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतात, म्हणून येथे घाईला कोणतेही समर्थन नाही.

एक दंत गेला असेल तर कोळी बहुधा एकाच दंतावर भागवतो. भक्ष्य तेवढे लहान द्यावे. दोन्ही दंत गेले असतील तरी प्रकरण संपले असे नाही. कोळी अन्न चावून गिळत नाही. भक्ष्यावर पाचक रस सोडून तयार झालेला द्रव तो शोषून घेतो. दंत नसले तरी त्यांच्या बुडाचे जाड भाग मऊ अन्न चुरडू शकतात. म्हणून रातकिडा किंवा मीलवर्म मारून, चिरडून, त्याचा मऊ गर एखाद्या उथळ बुचात घेऊन तोंडाजवळ ठेवला जातो. काही कोळी प्रथम दूर सरकतात. पुन्हा दोन-तीन दिवसांनी प्रयत्न करावा. उरलेले अन्न दुसऱ्या दिवसापर्यंत काढून टाकावे. अशा रीतीने पुढच्या निर्मोचनापर्यंत तगलेल्या मादीला नवे विषदंत येतात.

शोषक जठराचे अस्तर अडकले आहे काय, याचा अंदाज कातीवरून घेता येतो. कातीत दंतांच्या मागे लहान पिशवीसारखा भाग असायला हवा. तो नसेल आणि कोळी अन्न तोंडाशी धरूनही ते न आटता पडून राहत असेल, तर आशा फारशी नाही. अशा कोळ्याचा अंत सावकाश होतो, आणि पाळणाऱ्याची खरी परीक्षा येथे असते. त्याला फ्रीझरमध्ये ठेवण्याची पद्धत छंदिष्टांमध्ये रूढ आहे. परंतु अमेरिकन पशुवैद्यक संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे अपृष्ठवंशी प्राण्यांच्या बाबतीत आधी भूल आणि मगच दुसरा उपाय असा क्रम सांगतात. ग्रेगरी ल्युबार्ट यांनी संपादित केलेल्या आणि प्रथम २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हर्टिब्रेट मेडिसिन’ या ग्रंथात कोळ्यांना स्वतंत्र प्रकरण मिळाले, यावरून या प्राण्यांच्या वेदनेचा प्रश्न पशुवैद्यकाने किती गांभीर्याने घेतला आहे हे दिसते.

प्रौढ नराची गोष्ट निराळी. प्रौढ होताना त्याच्या पादमृशांच्या टोकांशी शुक्रपेशी वाहून नेणारे फुगीर भाग तयार होतात. त्यानंतर एखाद्या नराने पुन्हा कात टाकायला घेतली तर हेच भाग अडकतात आणि बहुतेक नर त्यातच मरतात. क्वचित एखादा पादमृश तोडून वाचतो. हा निगेतील दोष नव्हे, तर नराच्या शरीररचनेचीच ती मर्यादा आहे.

पुढच्या निर्मोचनाची वाट

गमावलेला पाय लगेच उगवत नाही. तो उरलेल्या बुडाच्या पेराच्या आत घडी घातलेल्या स्थितीत वाढतो आणि पुढच्या निर्मोचनाच्या वेळी उलगडून बाहेर येतो. प्रथम तो बारीक व आखूड असतो, रंगही फिका. दोन-तीन निर्मोचनांनंतर इतरांच्या बरोबरीला येतो. इजा आणि पुढील निर्मोचन यांतील अंतर फारच कमी असेल तर एक फेरी रिकामीही जाते. वाकडे झालेले पायही पुढच्या वेळी पुष्कळदा सरळ होतात, म्हणून चालण्यास अडथळा नसेल तर त्यांना तसेच राहू द्यावे.

पिल्लाच्या बाबतीत ही प्रतीक्षा एक-दोन महिन्यांची असते, मोठ्या मादीच्या बाबतीत वर्षाची किंवा त्याहून अधिक. या काळात पाळणाऱ्याने ठेवण्याची नोंद अगदी साधी आहे : कात टाकल्याचा दिनांक, दंत काळे झाल्याचा दिनांक, प्रत्येक वेळी स्वीकारलेले वा नाकारलेले अन्न, उदराचा आकार. पुन्हा अन्न नाकारले जाऊ लागले आणि उदर काळवंडले की वाटीतील पाणी रोज बदलावे, पेटीची जागा हलवू नये, आणि कोळी रेशमाच्या गादीवर उताणा पडलेला दिसला की दिवा मालवून खोलीबाहेर जावे.